डिस्क लावली, पुढे काय?

जबलपूरच्या मढाताल भागातलं जयंती कॉम्प्लेक्स म्हणजे संगणकाच्या सामानाची शहरातली ठरलेली बाजारपेठ. तिथून ४ टीबीची हार्डडिस्क आणा, कॅबिनेटचं झाकण काढा, डिस्क खाचेत सरकवून चार स्क्रू आवळा, डेटाची एक आणि विजेची एक अशा दोन केबल खोचा. झालं. ज्याला घरचा पंखा उघडता येतो त्याला हे जमेल. तेवढीही खटपट नको असेल तर दुकानदार म्हणतोच, "मशीन ले आइए, लगा के दे देंगे."

मग मशीन सुरू करायचं. त्यावर लिनक्स असेल तर पडद्यावर सगळं कालच्यासारखंच दिसतं. जागा संपल्याची तक्रार तशीच, नव्या डिस्कचा मागमूस नाही. डिस्क बिघडलेली नसते, केबलही सैल नसते. कर्नलला, म्हणजे संगणकाच्या मूळ कारभाऱ्याला, ती केव्हाच दिसलेली असते. पण दिसणं वेगळं आणि वापरात येणं वेगळं. युनिक्स आणि त्याच्या गोतावळ्यात, म्हणजे लिनक्स, फ्रीबीएसडी, सोलारिस अशा सगळ्यांत, या दोहोंमधलं अंतर कमी करण्याची धडपड पन्नास वर्षं चालू आहे. ती बरीचशी यशस्वी झाली आहे. मात्र हे अंतर पूर्ण मिटलं की काय होतं, तेही अनुभवाने कळलं आहे.

जबलपूरला युनिक्सशी काय देणंघेणं, असं कुणी विचारील. संगमरवर, भेडाघाट आणि तोफांचे कारखाने ही या शहराची ओळख. पण इथे मध्य प्रदेशचं उच्च न्यायालयही आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूरच्या हातून राजधानीही गेली आणि उच्च न्यायालयही. राजधानी भोपाळला गेली, न्यायालय जबलपूरला आलं. न्यायालय म्हटलं की कागद आलेच. देशातल्या न्यायालयांचं संगणकीकरण करणारा ई-कोर्ट्स प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरच्या पायावर उभा राहिला. खटल्यांची नोंद ठेवणारी केस इन्फर्मेशन सिस्टिम पुण्यातल्या एनआयसीच्या, म्हणजे नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरच्या, चमूने घडवली, तिच्याखाली उबुंटू लिनक्स आहे, आणि न्यायाधीशांना लॅपटॉप दिले तेव्हा उबुंटू वापरायचं प्रशिक्षणही दिलं गेलं. जिल्हा न्यायालयातल्या कारकुनाने युनिक्सचं नाव ऐकलेलं नसेल, पण तारीख शोधताना तो त्याच्याच घरात वावरत असतो.

१३ सप्टेंबर २०२३ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. त्यातले २,०३८.४० कोटी नुसते जुने-नवे कागद स्कॅन करून जपण्यासाठी. एवढे पैसे कशाला, हे एका कागदाच्या हिशेबावरून कळतं. ए-फोर आकाराचा कागद ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन केला तर २,४८० गुणिले ३,५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले तर फाइल आवळण्याआधी एका पानाचे २६ एमबी. तेच पान निव्वळ काळं-पांढरं घेतलं तर ठिपक्याला एक बिट पुरतो आणि पान १ एमबीच्या आसपास येतं. आवळल्यावर त्याहून कितीतरी कमी. त्यामुळे डिस्क कधी भरणार, हे पुष्कळदा स्कॅनरसमोर बसलेला माणूस एका बटणावर ठरवून टाकतो. मात्र जुन्या दस्तांवर लाल शाईचे शेरे असतात, जांभळे शिक्के असतात, फिकट झालेले मुद्रांक असतात. तिथे रंगात कंजुषी करून चालत नाही. डिस्क वाढवाव्याच लागतात.

डिस्क वाढवण्याची वेळ युनिक्सच्या जन्मदात्यांवरही आली होती. डेनिस रिची आणि केन थॉम्पसन यांनी जुलै १९७४ मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकात युनिक्सची जगाला ओळख करून दिली. त्या लेखात त्यांच्या बेल लॅब्जमधल्या पीडीपी-११ यंत्राचं वर्णन आहे: १ एमबीची एक डिस्क, तबकड्या बदलता येणाऱ्या प्रत्येकी २.५ एमबीच्या चार आणि ४० एमबीची एक. सगळ्या मिळून आजच्या मोबाइलमधले दहा-पंधरा फोटो. पण डिस्क एकाहून जास्त झाल्या की प्रश्न तोच, आकार कितीही असो: वापरणाऱ्याला त्या कशा दाखवायच्या?

पुढे डॉस आणि विंडोजने प्रत्येक डिस्कला एक अक्षर दिलं, सी, डी, ई. रिची-थॉम्पसन यांनी असं काही केलं नाही. त्यांनी सगळ्या फाइलींचं एकच झाड ठेवलं आणि नवी डिस्क आली की तिच्यावरचं झाड मूळ झाडाच्या एखाद्या ठिकाणी जोडायचं ठरवलं. या जोडणीला माउंट म्हणतात, आणि १९७१ च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्येही ती कमांड आहे. वापरणाऱ्याला फाइल कोणत्या डिस्कवर आहे हे माहीत असण्याची गरजच उरली नाही. माझ्या मते युनिक्समधल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी ही एक. पण हे देखणेपण फुकट मिळालेलं नाही. विंडोज फॉर्मॅट झालेल्या नव्या डिस्कला पुढचं रिकामं अक्षर देऊन मोकळं होतं. युनिक्सला मात्र कुणीतरी सांगावं लागतं की ही डिस्क झाडावर अमुक ठिकाणी जोड. हे सांगणं ज्या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहितात ती एफएसटॅब. डिस्क जोडण्याचा बहुतेक सगळा त्रास या एका फाइलीभोवती घोटाळतो.

भारतात युनिक्सचा पहिला मोठा संसार थाटला गेला बँकांत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून नव्वदच्या दशकात शाखांमधून एससीओ कंपनीचं युनिक्स चाले. एक जाडजूड यंत्र आणि त्याला जोडलेले हिरव्या अक्षरांचे टर्मिनल. त्यावर नवी डिस्क लावण्याची रीत आज ऐकली तर हसू येईल. 'एमकेडेव्ह एचडी' ही कमांड द्यायची, नि तीही दोनदा. पहिल्यांदा ती कर्नलला नव्या डिस्कची माहिती देई, मग कर्नल नव्याने जोडून तयार करावं लागे आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू. मग तीच कमांड पुन्हा. आता ती डिस्कचे भाग पाडण्याबद्दल विचारी, मग खराब पट्टे हुडकणारा बॅडट्रॅक कार्यक्रम सुरू होई, मग डिव्ही नावाच्या कार्यक्रमात प्रत्येक भागाची हद्द ठरवायची. शेवटी 'एमकेडेव्ह एफएस' देऊन तो भाग झाडाला जोडायचा. ग्राहक समोर उभे असताना यंत्र बंद करायची सोय नाही, तेव्हा हे काम शाखा मिटल्यावरच. कर्नल प्रत्येक डिस्कपायी नव्याने का घडवायचं, हा प्रश्न तेव्हाच्या लोकांनाही पडला होताच.

पुढे लिनक्समध्ये कर्नल पुन्हा घडवण्याची गरज संपली. डिस्क लावली की ते तिला आपणहून ओळखू लागलं. इथे एक नवाच घोळ उभा राहिला, नावाचा. जुन्या आयडीई डिस्कचं नाव केबलच्या जागेवरून ठरे: पहिल्या केबलवरची पहिली एचडीए, दुसरी एचडीबी. जागा तीच तर नाव तेच. स्कझी आणि नंतर साटा डिस्कना मात्र एसडीए, एसडीबी ही नावं सापडण्याच्या क्रमाने मिळू लागली. रेशनच्या रांगेतला नंबर जसा रोज बदलतो, तशी ही नावं. आज एसडीबी असलेली डिस्क उद्या एखादी नवी डिस्क मधे घुसली की एसडीसी होते. एफएसटॅबमध्ये एसडीबी असं लिहून ठेवलेलं असेल तर यंत्र प्रामाणिकपणे भलतीच डिस्क भलत्या ठिकाणी जोडतं. नवी डिस्क घालायला गेलेल्या माणसाची जुनीच डिस्क 'हरवते' ती अशी.

यावरचा उपाय डिस्कच्या जागेकडे न पाहता तिच्या स्वतःच्या खुणेकडे पाहण्याचा होता. डिस्कवर फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली मांडण्याची रचना, तयार होताना एक भलीमोठी संख्या तिच्यावर कोरली जाते, यूयूआयडी. छत्तीस चिन्हांची ही ओळख डिस्क कुठल्याही केबलला लावली तरी बदलत नाही. २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी यूडेव्ह हा कार्यक्रम आणला. डिस्क सापडली की तिच्या यूयूआयडीवरून, अनुक्रमांकावरून, लेबलवरून तिच्याकडे नेणाऱ्या कायमच्या पाट्या तो तयार करतो. उबुंटूनेही पुढे एफएसटॅबमध्ये एसडीएऐवजी यूयूआयडी लिहायला सुरुवात केली. ही सुधारणा दिसायला किरकोळ आहे. फाइल उघडली तर कुरूप आकडे-अक्षरांची माळ दिसते. पण डिस्क जोडणं सोपं करणाऱ्या सगळ्या सुधारणांत मी हिलाच पहिला नंबर देईन.

आता प्रत्यक्ष काम पाहू. समजा, जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या एका वकिलांच्या ऑफिसात उबुंटूचं जुनं मशीन आहे, पक्षकारांच्या कागदांच्या स्कॅनने ते भरलं आहे, आणि इंजिनीअरिंगला असलेला भाचा नवी डिस्क घेऊन आला आहे.

"मामा, ही कुठे जोडू?"

"आत बसवलीस ना मघाशी?"

"बसवली हो. पण झाडावर कुठे, कुठल्या फोल्डरात?"

"'स्कॅन' नावाचा कर एखादा."

मामांना वाटतं प्रश्न नावाचा आहे. खरं तर मघा सांगितलेला युनिक्सचा सगळा विचार या प्रश्नात आहे. भाचा एलएसबीएलके ही कमांड देतो. सगळ्या डिस्कची उतरंड पडद्यावर येते: जुनी डिस्क आणि तिच्याखाली तिचे भाग, मग नवी, तिच्याखाली काहीच नाही, आणि आकार ३.६ टी. मामा म्हणतात, पैसे चार टीबीचे दिले होते. दुकानदाराने फसवलेलं नसतं. डिस्क बनवणारा टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं धरतो, संगणक दोनाचा चाळिसावा घात धरतो. दुकानदाराच्या चार टीबीला त्या मापाने भागलं की ३.६४ येतात.

पुढची पायरी, डिस्कचे भाग पाडण्याची पद्धत निवडणं. जुन्या एमबीआर पद्धतीला साधारण २ टीबीच्या पलीकडचं दिसत नाही, म्हणून जीपीटी निवडायची. त्यावर एक्स्ट-४ फाइल सिस्टिम. इथे अजून एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: एक्स्ट-४ आपणहून ५ टक्के जागा रूट या मुख्य वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. ज्या डिस्कवरून यंत्र चालू होतं तिथे हे शहाणपणाचं आहे, पण नुसते स्कॅन ठेवायच्या ४ टीबीच्या डिस्कवर सुमारे २०० जीबी जागा अडकून पडते. ट्यून-टू-एफएस कमांडने ती एका टक्क्यावर आणता येते. मग डिस्क जोडायची, आणि तिचा मालक बदलायचा, कारण नव्या फाइल सिस्टिमचा मालक रूट असतो आणि वकिलांच्या कारकुनाला तिथे एक फाइलही ठेवता येत नाही. सगळ्यात शेवटी एफएसटॅबमध्ये यूयूआयडीसह एक ओळ.

त्या ओळीत 'नोफेल' हा शब्द घालायला विसरायचं नाही. तो नसेल आणि कधी ती डिस्क बिघडली किंवा केबल निसटली, तर यंत्र सुरू होताना दीड मिनिट वाट पाहतं आणि मग काळ्या पडद्यावर आणीबाणीच्या अवस्थेत थांबतं. कामाची मुख्य डिस्क ठणठणीत असूनही ऑफिस बंद. 'नोफेल' असेल तर ती एक डिस्क सोडून बाकीचं यंत्र चालू होतं. पण याची दुसरी बाजूही आहे, आणि ती जास्त छुपी. डिस्क जोडली गेली नाही तरी 'स्कॅन' हा फोल्डर मूळ डिस्कवर असतोच. स्कॅनर बिचारा त्यातच लिहीत राहतो, आणि आठवड्याभरात मूळ डिस्क भरून यंत्र बंद पडतं. त्यासाठी डिस्क जोडण्याआधीच त्या रिकाम्या फोल्डरला कुलूप लावून ठेवतात. चॅट्र नावाची कमांड त्यात काहीही लिहायला मनाई करते. वर डिस्क जोडली गेली की ती मनाई झाकली जाते आणि काम सुरळीत चालतं. डिस्क नसेल तर स्कॅनर लगेच ओरडतो. जुने सिस्टिम अ‍ॅडमिन हे हमखास करतात, पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडतं.

एवढ्या पायऱ्या संपल्या तरी मूळ दुखणं राहतंच. नवी डिस्क 'स्कॅन' फोल्डरपुरती आहे. उद्या तीही भरली तर पुन्हा नवा फोल्डर, मग '२०२५-स्कॅन', मग 'नवे-स्कॅन', आणि कुठली फाइल कुठे ते फक्त एका कारकुनाला माहीत. फोल्डर तोच ठेवून त्याच्याखालची जागा वाढवायची सोय पाहिजे. आयबीएम आणि एचपी यांच्या युनिक्समध्ये ती होती. १९९८ मध्ये हाइन्त्स माउल्सहागेन यांनी एचपीच्या धर्तीवर ती लिनक्समध्ये आणली, एलव्हीएम. डिस्क आणि फाइल सिस्टिम यांच्यामध्ये एक थर घालायचा. डिस्क एका समूहात टाकायच्या, त्या समूहातून हवा तेवढा खंड काढायचा, आणि खंड भरत आला की समूहात नवी डिस्क टाकून तो वाढवायचा. यंत्र बंद न करता, फाइली उघड्या असताना. बँकेच्या त्या रात्रपाळीच्या मानाने हे फारच पुढचं.

फक्त एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. दोन डिस्कवर पसरलेला खंड यांतली कोणतीही एक डिस्क गेली तरी मोडतो. म्हणजे धोका जवळजवळ दुप्पट. म्हणून जागा वाढवण्याबरोबर बिघाड सोसण्याची सोयही लागते. तिची नीट मांडणी बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ यांनी १९८८ मध्ये रेड या नावाने केली. लिनक्सवर मग थरांवर थर चढले: डिस्क, त्यावर रेड, त्यावर एलव्हीएम, त्यावर एक्स्ट-४. प्रत्येक थराची वेगळी कमांड, वेगळी भाषा आणि बिघडला की वेगळी रडकथा.

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये २००१ पासून जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी हे सगळे थर मोडून एकच केला. बॉनविक यांचा सवाल सरळ होता: मेमरीची नवी पट्टी घातल्यावर आपण संगणकाला काही सांगत बसत नाही, तो ती वापरायला लागतो; मग डिस्कचं असं का नाही? त्यातून निघालेली झेडएफएस २००५ मध्ये सोलारिसच्या मूळ कोडमध्ये दाखल झाली. तिच्यात डिस्क एका सामायिक साठ्यात, म्हणजे पूलमध्ये, टाकायच्या. फाइल सिस्टिम त्या पूलमधून लागेल तशी जागा घेते. भाग पाडणं नाही, आकार ठरवणं नाही, एफएसटॅबही बहुधा नाही. एक कमांड, आणि दोन सेकंदांत फोल्डर मोठा. २०१६ पासून उबुंटूतही ती मिळते.

आणि इथेच सोपेपणा अंगाशी येतो. झेडएफएसमध्ये नवी डिस्क देण्याच्या दोन कमांडी आहेत, 'अ‍ॅड' आणि 'अटॅच'. 'अटॅच' असलेल्या डिस्कच्या जोडीला दुसरी लावते. 'अ‍ॅड' पूलमध्ये स्वतंत्र भर घालते. कुणी रेड-झेड प्रकारच्या, म्हणजे एक डिस्क गेली तरी तग धरणाऱ्या पूलमध्ये एकटी डिस्क 'अ‍ॅड' केली, तर झेडएफएस आधी हरकत घेते. जोर करून ती हरकत मोडली की ती डिस्क कायमची पूलमध्ये. रेड-झेड असलेल्या पूलमधून असा भाग परत काढता येत नाही. एकटी पडलेली ती डिस्क ज्या दिवशी जाईल त्या दिवशी अख्खा पूल जातो, बाकीच्या कितीही धडधाकट असोत. ती बाहेर काढायची तर उपाय एकच: सगळा डेटा दुसरीकडे न्यायचा, पूल मोडायचा आणि नव्याने बांधायचा. एससीओच्या जमान्यात माणूस चुकायला निघाला तर दहा प्रश्नांच्या अडथळ्यांत कुठेतरी थबकत असे. इथे अडथळा एकच, आणि तो दोन अक्षरांनी ओलांडता येतो. मला विचाराल तर त्या हरकतीपुढे सक्ती करायची सोयच कमांडीत नसायला हवी होती.

खरं म्हणजे लोकांना पाहिजे होतं ते एवढंच: चार डिस्कच्या रेड-झेडला पाचवी जोडायची, सुरक्षितता तशीच ठेवून. झेडएफएसने ही सोय सुरुवातीला दिलीच नाही, कारण सगळा डेटा नव्या डिस्कसकट फिरून मांडावा लागतो आणि मधेच वीज गेली तरी काही हरवता कामा नये. ती आली जानेवारी २०२५ मध्ये, ओपनझेडएफएस २.३ बरोबर, झेडएफएस जगासमोर आल्यानंतर वीस वर्षांनी. जोडायची कमांड 'अटॅच'च.

तुम्ही घरी, ऑफिसात किंवा एखाद्या संस्थेत डिस्क घालणार असाल तर आणखी दोन गोष्टी करा. एफएसटॅब बदलल्यावर यंत्र पुन्हा सुरू करण्याआधी 'माउंट -ए' देऊन पाहा. ओळीत चूक असेल तर ती बहुधा तिथेच सापडेल, सोमवारी सकाळी नाही. आणि डिस्क खाचेत सरकवण्याआधी तिच्या लेबलवरचा अनुक्रमांक मार्करने अशा कडेवर लिहा, जी झाकण काढल्याबरोबर दिसेल. एखादी डिस्क आजारी पडली की लिनक्स तुम्हाला तोच अनुक्रमांक सांगेल, आणि चार सारख्या दिसणाऱ्या डिस्कमधून चालती डिस्क उपटली जाणार नाही.